आजीचा टीव्ही, मामाची कॅराव्हॅन आणि एकाच मोबाइलवरची तीन घरं

ही हकीगत माझ्या आजोळची आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नावं घेतलेली नाहीत, आणि गाव दापोली तालुक्यातलं आहे एवढंच सांगते. शहरात एक घर, कुठेतरी एक कुलूपबंद फ्लॅट, गावी म्हातारं माणूस आणि निवृत्तीनंतर फिरायची हौस, अशी स्थिती आता पुष्कळ घरांत आहे. आमचं काय चुकलं आणि मग आम्ही काय बंदोबस्त केला, दोन्ही त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून तपशिलात मांडते आहे.

पार्श्वभूमी

मामा-मामी पुण्यात कोथरूडला राहतात. मामेभाऊ नोकरीसाठी बंगळूरला असतो. त्याने घेतलेला नाशिकचा फ्लॅट वर्षातले दहा महिने बंदच. आजी मात्र गावच्या घरी. तेव्हा तिचं वय ८४. दोनदा तिला पुण्याला आणून बघितलं, पण पंधरा दिवसांत तिने पिशवी भरली. दिवसा कामाला एक बाई येते, रात्री शेजारची मुलगी सोबतीला झोपायला असते. मधला सगळा वेळ आजी आणि टीव्ही.

तो टीव्ही तिच्या दिवसाचं घड्याळच आहे. सकाळी आरती आणि कीर्तन, अकराच्या पुढे पोळ्या झाल्या की थोडा वेळ, संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या आणि नंतर दोन मालिका. माजघरात पाटावर बसून वाती वळत बघते. कान थोडे कमी झाल्यामुळे आवाज मोठा. संध्याकाळी फोन केला की तिच्या बोलण्यामागे बातम्या ऐकू येणारच.

२०२१ च्या डिसेंबरात मामाने एका मित्राबरोबर भागीत कॅराव्हॅन घेतली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं आणि दोघांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी, झोपायला चार जागा, लहान शेगडी, घरातल्या वस्तूंसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी आणि एक २४ इंची टीव्ही.

तिन्ही घरांत एकाच खासगी कंपनीची डीटीएच सेवा होती, म्हणजे डिशच्या छत्रीवर थेट उपग्रहावरून वाहिन्या येणारी. तिन्ही जोडण्या मामाच्या नावावर आणि तिन्हींना मोबाइल नंबरही मामाचाच. पुण्यात बेडरूममध्ये दुसरा टीव्ही होता, तो वेगळा. गाडीसाठी नवीन काही घ्यायला नको म्हणून मामाने नाशिकचा सेट टॉप बॉक्स काढला आणि गाडीत ठेवला. नाशिकला तसंही कोणी नसतं, असा साधा हिशेब. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तो बरोबर वाटला होता.

अडचण : पहिली खूण आम्ही वाचली नाही

२०२२ च्या नवरात्रात, ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवसांत, आजीचा टीव्ही सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पाच-सात मिनिटं गेला. आपोआप परत आला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा गेला. आजीने शेजारच्या मुलाला हाक मारली. तो भला पोरगा. शिडी लावून भिंतीवर चढला, छत्री थोडी इकडे, थोडी तिकडे केली, तेवढ्यात चित्र आलं. त्याला वाटलं आपल्या हलवण्यामुळे आलं.

ते आलं होतं सूर्य बाजूला सरकला म्हणून. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखे असतात. वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य छत्रीतून बघितलं तर बरोबर त्या उपग्रहाच्या पाठीमागून जातो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. आपल्या कोकणपट्टीत हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपता संपता किंवा ऑक्टोबर लागताना होतं. दरवेळी थोडीच मिनिटं. करायचं काहीच नसतं, थांबायचं असतं.

छत्री हलली ती हललीच. चित्र येत होतं पण काठावर. कोरड्या हवेत ते चालून गेलं, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. शिवाय ती बसवलेली होती जांभ्याच्या चिऱ्यात. चिरा मऊ, त्यात बोल्ट कितीही आवळला तरी चार वाऱ्या-पावसांत भोक मोठं होतंच. म्हणजे छत्री आधीच डगमगत होती, तिला आणखी एक धक्का मिळाला.

अडचण : महाशिवरात्रीची संध्याकाळ

२०२३ च्या फेब्रुवारीत मामा, मामी आणि मित्राचं कुटुंब कच्छला निघाले. जायच्या आदल्या रात्री मामाने "आईचा रिचार्ज" मारला. ॲपमध्ये तिन्ही जोडण्या मामाच्याच नावाने दिसत होत्या. फरक फक्त ग्राहक क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांत. दर प्रवासाआधी गाडीतल्या, म्हणजे मूळच्या नाशिकच्या बॉक्सला रिचार्ज करायची सवय लागलेली, त्यामुळे वर आलेला क्रमांक त्याने न बघता दाबला. पैसे गेले, मेसेज आला, मामा निर्धास्त झाला.

आजीचे पैसे बुधवारी संपले. त्याआधी इशाऱ्याचे मेसेज आले होते, पण मामाच्याच फोनवर. तो ते वाचून म्हणाला, "हे नाशिकचं असेल, परवाच तर भरलेत." मग गाडी धोलावीराच्या बाजूला गेली आणि फोनची रेंजही गेली.

शनिवारी महाशिवरात्र होती. संध्याकाळी सातला मी आजीला फोन केला. ती बोलत होती, उपास काय केला ते सांगत होती, पण मागे आवाज नव्हता. मी विचारलं, "आजी, बातम्या लावल्या नाहीस?"

"बंद पडलाय गो तो. बुधवारपासून. काहीतरी आकडे येतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझा मामा फिरायला गेलाय. त्याला कशाला मधेच?"

चार दिवस ती काळ्या पडद्यासमोर बसून वाती वळत होती. शिवरात्रीचं देवळातलं दर्शन दरवर्षी टीव्हीवर बघते, ते राहिलं. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. रिचार्जला दोन मिनिटं लागली असती. पण तिचा ग्राहक क्रमांक माझ्याकडे नव्हता. ती बॉक्सखालचा कागद वाचू शकत नव्हती, चष्म्याने ते बारीक आकडे दिसत नव्हते. शेवटी रात्री सोबतीला आलेल्या मुलीने फोनवर फोटो पाठवला आणि मी पैसे भरले. तरी चित्र आलं नाही. बॉक्स बरेच दिवस सेवेशिवाय राहिला की उपग्रहावरून येणारी परवानगी त्याला नव्याने मिळावी लागते. त्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवरून रिफ्रेश मागवायचा आणि बॉक्स चालू ठेवून थांबायचं. नोंदवलेला मोबाइल रेंजबाहेर होता. रविवारी दुपारी मामाला रेंज मिळाली तेव्हा काम झालं.

तिकडे कच्छातही रिचार्ज केलेल्या बॉक्सचा उपयोग झाला नाही. मांडवीला मामाने संध्याकाळभर छत्री फिरवली. पुण्यात तिच्या दांड्याला मार्करने खूण करून ठेवली होती, त्याच तिरपेपणावर तो लावत होता. मांडवी पुण्याच्या वायव्येला खूप दूर. तिथून उपग्रह क्षितिजाकडे सात-एक अंश खाली दिसतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीला दोन-तीन अंशांची चूकही पुरते, सात अंशांत ती रिकाम्या आकाशाकडे बघते.

समोरचे पर्याय

परत आल्यावर आम्ही पुण्यात जेवायला बसलो तेव्हा पहिली चर्चा पैशांची निघाली. हिशेबाचं काम माझं, म्हणून मीच कागद घेतला. त्या वेळी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने नेटवर्क क्षमता शुल्कावर, म्हणजे सशुल्क वाहिन्यांच्या किमतीआधी नुसत्या जोडणीसाठी द्यायच्या पैशांवर, दोनशे वाहिन्यांपर्यंत दरमहा १३० रुपयांची मर्यादा घातलेली होती. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. तीन घरांचे ४६०.२०. पुण्यातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंतच शुल्क लावता येत होतं, म्हणजे ५२ रुपये अधिक कर, ६१.३६. एकूण ५२१.५६, आणि अजून एकाही सशुल्क वाहिनीची किंमत त्यात नाही. (ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायने काढली आणि शुल्क ठरवणं कंपन्यांवर सोपवलं. त्यामुळे आज कोणी हिशेब करत असेल तर आपल्या कंपनीचा चालू दर बघूनच करावा.)

मामाने लगेच विचारलं, "मग गाव आणि नाशिकपण दुसरा टीव्ही म्हणून नाही का लागणार?" नाही लागत. ती सवलत एकाच घरात, एकाच पत्त्यावर असलेल्या जास्तीच्या टीव्हींसाठी होती. बरेच लोक इथे फसतात. एका नावावर असणं वेगळं, एका पत्त्यावर असणं वेगळं.

एकच बॉक्स जिथे जाऊ तिथे न्यायचा, हा मामाचा आवडता पर्याय. उपग्रहाचा झोत देशभर पडतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या बॉक्स कुठेही चालतो. पण जोडणी पत्त्यावर नोंदवलेली असते, हलवायची तर कंपनीला कळवावं लागतं आणि आपण ते कधीच केलेलं नव्हतं. शिवाय बॉक्स काढताना वायर, रिमोट, अडॅप्टर यांतलं काहीतरी मागे राहतंच. आमच्याकडे दोनदा रिमोट राहिला होता.

सगळीकडे इंटरनेटवर जायचं, हे मामेभावाने बंगळूरहून सुचवलं. पुण्यासाठी ते बरोबर होतं, तिथे फायबर आहे. गावी मोबाइलची रेंज पडवीच्या टोकाला मिळते, माजघरात नाही. आणि आजीला ॲप उघडून चित्रांच्या रांगांतून वाहिनी शोधायला लावणं मला क्रूर वाटलं. तिला वाहिन्या आकड्यांनी पाठ आहेत.

सगळीकडे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं काही द्यायचं नाही. सह्याद्री त्यावर आहे, म्हणजे सातच्या बातम्यांची सोय झाली. पण खासगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते. त्या येतात आणि जातात. आजीच्या दोन्ही मालिका ज्या वाहिन्यांवर होत्या त्या तिथे नव्हत्या. मामी म्हणाली, "वाचतील पैसे, पण त्यांच्या संध्याकाळचं काय?" तिथे तो विषय आजीपुरता संपला.

गाडीच्या टपावर आपोआप उपग्रह शोधणारी घुमटाकार छत्री, हा मित्राचा पर्याय. परदेशातल्या मोटारहोमवर असते तशी. किंमत ऐकून मामाच थांबला. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोंदणीपुस्तकात आहे त्याहून वेगळा फेरफार गाडीत करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कॅराव्हॅनच्या बांधणीला एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. टपाला भोकं पाडायचा विचार करण्याआधी बांधणाऱ्याशी आणि आरटीओशी बोलायला हवं. कोकणातल्या पावसात त्या भोकांतून पाणी कुठे उतरेल, हा प्रश्न राहतोच.

निर्णय कुठे फिरला

दीड तास आम्ही बॉक्स आणि रुपये यांवरच बोलत होतो. मग मी फोन स्पीकरवर टाकला आणि आजीला विचारलं, तू काय काय बघतेस? तिने आठवून आठवून सहा वाहिन्या सांगितल्या, आकड्यांसकट. मी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतल्या. तिच्या बॉक्सवर जवळजवळ दोनशे वाहिन्यांचा पॅक चालू होता. त्यातल्या कितीतरी इंग्रजी आणि दक्षिणेकडच्या. निवडलेला मामाने, पुण्यासारखाच.

तिच्या त्या सहा ओळी समोर आल्यावर चारही ठिकाणांचा एकत्र विचार करायची गरजच उरली नाही. गावी टीव्ही बंद पडला तर माणूस एकटं पडतं, तिथे सेवा अखंड हवी. पुण्यात बंद पडला तर मोबाइल आहे. नाशिकला बघणारंच कोणी नाही. गाडीत लागला तर बरं, नाही लागला तर बाहेर चांदणं आहे. चार ठिकाणांच्या चार गरजा आम्ही एका नंबरवर बांधून ठेवल्या होत्या.

दुसरा निर्णय मोबाइल नंबरचा. हा नाजूक होता. आईच्या घरची जोडणी मुलाच्या फोनवरून काढून भाचीच्या फोनवर न्यायची, हे मामाला लागलं. तो काही बोलला नाही, ताटातली आमटी भातात कालवत राहिला. मग म्हणाला, "तुझा फोन कायम रेंजमध्ये असतो, हे खरं." मी त्याला सांगितलं, भरायचे पैसे तूच भर, मला फक्त इशारे येऊ देत. त्यावर तो तयार झाला.

काय केलं : गाव

मार्चमध्ये गुढीपाडव्याला सगळे गावी जमलो, तेव्हाच कामं उरकली. नंबर बदलायला जुन्या फोनवर येणारा ओटीपी लागतो, तेव्हा मामा शेजारी बसलेला बरा. पॅक तिच्या सहा वाहिन्या आणि दोन-चार जास्तीच्या एवढाच ठेवला. रिचार्ज महिन्याचा न करता वर्षाचा.

छत्री भिंतीवरून उतरवली. दापोलीहून आलेल्या मिस्त्रीने अंगणाच्या कडेला खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये लोखंडी पाइप उभा केला आणि त्यावर ९० सेंटिमीटरची छत्री बसवली. डीटीएचचा सिग्नल केयू बँड या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात येतो आणि मुसळधार पाऊस तो खातो. ६० ऐवजी ९० घेतली की सिग्नल गोळा करणारं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. त्याने पाऊस थांबत नाही, पण चित्र जायला जास्त मोठी सर लागते. जमिनीवर असल्यामुळे कोणाला शिडी लावायची गरज नाही, आणि उपग्रहाच्या दिशेला आंब्याची फांदी वाढली तर ती डोळ्यांसमोर दिसते. पाइपवर आणि छत्रीच्या पट्टीवर मिळून एक लाल ऑइलपेंटची रेघ मारली. रेघ जुळते आहे तोवर छत्री हललेली नाही.

जुन्या वायरचं टोक उघडलं तेव्हा आत हिरवा गंज आणि पाणी होतं. खाऱ्या हवेत हे होणारच. नवीन वायरच्या जोडाला रबरी टोपण, वर चिकटपट्टी, आणि एलएनबीखाली, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणाऱ्या डबीखाली, वायरीला एक सैल वळसा ठेवला, म्हणजे पाणी वळशावरून खाली गळतं, आत शिरत नाही.

रिमोटवर मी अर्धा दिवस घालवला. बॉक्सच्या रिमोटला टीव्ही चालू-बंद करायचं बटण शिकवता येतं, ते शिकवलं आणि टीव्हीचा रिमोट कपाटात टाकला. आजीच्या हातून चुकून टीव्हीचं इनपुट बदलायचं आणि पडदा निळा व्हायचा, ते त्यामुळे थांबलं. उरलेल्या रिमोटला तिने स्वतः लाल दोरा बांधला, देवळातल्या नाडाछडीचा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: पडद्यावर आकडा आला तर मला फोन कर आणि तो आकडा वाचून दाखव. त्याखाली तिचा ग्राहक क्रमांक, बोटभर उंचीच्या आकड्यांत.

पैशांचा विषय निघाल्यावर आजी उठली, देवघरातल्या डब्यातून पाकीट आणलं आणि मामाच्या हातात दिलं. "माझा टीव्ही आहे, माझ्या पेन्शनीतून भर." आम्ही कोणीच तिला हे आधी विचारलं नव्हतं.

काय केलं : नाशिक, पुणे आणि गाडी

नाशिकचं सोपं होतं. काही काळ सेवा तात्पुरती बंद ठेवायची सोय ट्रायच्या नियमांत आहे, आधी विनंती करायची. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही, जोडणीच सोडून दिली. दहा महिन्यांचे नुसते क्षमता शुल्काचे १५३४ रुपये रिकाम्या भिंतीला दाखवण्यात अर्थ नव्हता. पुण्यात बाहेरच्या खोलीतली जोडणी ठेवली आणि बेडरूममधली बंद केली.

गाडीला फ्री डिश. बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा निवडला, म्हणजे गाडीच्या बॅटरीला सोयीचा. ६० सेंटिमीटरची छत्री आणि घडीचा तिपाई स्टँड. वाऱ्यात पडू नये म्हणून स्टँडच्या मधोमध पाण्याचा भरलेला कॅन लटकवायचा. फ्री डिशचे सिग्नल पूर्व रेखांश ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ वरून येतात. हा इस्रोचा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. मग मी आणि मामाने वहीत तक्ता केला. पुण्यात उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने १३२ अंशांवर, क्षितिजापासून ५९ अंश वर. मांडवीला दिशा जवळपास तीच, १३१, पण उंची ५२. हंपीला १३१ आणि ६३. लेहला जायचं त्याचं स्वप्न आहे, म्हणून तेही काढलं: १५३ आणि ४७.

आकडे मिळाले तरी छत्री लागत नाही, हे आम्हाला कोथरूडजवळच्या मैदानावर एका रविवारी कळलं. तीन गोष्टी शिकलो, त्या नेमक्या सांगते. पहिली, फोनमधलं होकायंत्र गाडीच्या पत्र्याजवळ खोटं बोलतं. फोन घेऊन दहा पावलं लांब जायचं, दिशा धरायची, तिथे एखादं झाड किंवा खांब हेरून ठेवायचा. दुसरी, घरगुती छत्री तिरकी घडवलेली असते, समोरच्यापेक्षा साधारण २५ अंश वरचं ती बघते. उपग्रह ५९ अंशांवर असला तर छत्री फक्त ३४-३५ अंशच मागे झुकलेली दिसायला हवी. मामा तिला पार आकाशाकडे उताणी करत होता. तिसरी, पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी "स्ट्रेंग्थ" नुसता एलएनबीला वीज पोचली तरी भरते. खरी बघायची ती "क्वालिटी". आणि क्वालिटी आली तरी वाहिन्या आल्या पाहिजेत. आम्हाला एकदा छान क्वालिटी मिळाली, शोध लावला तर सह्याद्रीचा पत्ता नाही. छत्री शेजारच्या ९५ अंशांवरच्या उपग्रहाला लागली होती.

दक्षिणोत्तर लांब गेलं तर एलएनबी तिच्या कड्यात थोडी फिरवावी लागते, बरणीचं झाकण फिरवतो तशी. पुण्यातलं तिचं वळण कन्याकुमारीला चालत नाही. मामाने कड्यावर गावांच्या आद्याक्षरांच्या खुणा करायला सुरुवात केली आहे.

परिणाम

२०२३ च्या पावसाळ्यात आजीचा टीव्ही गेला नाही असं नाही. जुलैत एकदा दुपारभर आभाळ फुटल्यासारखा पाऊस होता, तेव्हा गेला. पण सर ओसरली की परत येत होता, आणि रेघ जुळलेली होती, म्हणून कोणी छत्रीला हात लावला नाही. वीज जाते तेव्हा टीव्ही जातोच, त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. इन्व्हर्टर घ्यायचं बोलणं चालू आहे.

हंपीला मामाने पहिल्या दिवशी अर्ध्या तासात चित्र आणलं आणि गावी आजीला व्हिडिओ कॉलवर तेच सातचे बातमीपत्र दाखवलं. रेंजसाठी तिला पडवीत येऊन बसावं लागलं होतं. आता त्याला दहा मिनिटं पुरतात. गुहागरला मात्र माडांच्या बनात गाडी उभी केली आणि आग्नेयेला एक चतकोर आकाश मोकळं मिळालं नाही. छत्री बाहेर काढलीच नाही. जागा निवडतानाच आग्नेयेकडे बघायचं, हे वहीत आलं.

आज करायचं तर वेगळं काय करीन

पाकिटाच्या मागचा तो प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला असता, २०२१ मध्ये, गाडी यायच्या आत. आणि ग्राहक क्रमांकांना ॲपमध्ये किंवा निदान फोनच्या संपर्कयादीत "आजी", "पुणे" अशी नावं देऊन ठेवली असती. एवढ्याने शिवरात्र वाचली असती.

नाशिकचा बॉक्स गाडीत नेण्याला मीही हो म्हटलं होतं. तिथेच क्रमांक आणि जागा यांची फारकत झाली. बॉक्स हलवायचाच तर त्या दिवशी कंपनीला कळवायचं आणि त्याच्यावर चिठ्ठी लावायची. दोन्ही आम्ही टाळलं, कारण तात्पुरतं आहे असं म्हणत होतो.

नंबर माझ्याकडे घेतल्याने एक नवी कच्ची जागा तयार झाली आहे. मी आजारी पडले, फोन हरवला तर? सोबतीला झोपणाऱ्या मुलीच्या फोनवर क्रमांक आणि रिचार्जची पद्धत आता ठेवली आहे. तिला एकदा माझ्यासमोर करायला लावलं. हे मार्चमध्येच करायला हवं होतं, आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो.

आजीला सूर्याचंही सांगितलं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्च आणि ऑक्टोबरच्या पानांवर मी तांबड्या पेन्सिलीने छोटा गोल काढून देते. २०२४ च्या मार्चमध्ये दुसऱ्या आठवड्यात, साडेअकराच्या सुमारास मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. "गेला गो पडदा. सूर्य आला ना मधे?" मी हो म्हणेपर्यंत मागे कीर्तनकारांचा आवाज सुरू झाला होता, आणि ती म्हणाली, "ठेव आता, लागलाय."